अनेक वाद्यं वाजवणाऱ्यांसाठी: प्रॉडक्शन आणि पार्श्वसंगीताच्या कामात शिरताना

गिटार येते, कीबोर्डवर हात फिरतो, ड्रम सेटवर ठेका धरता येतो, घरच्या कॉम्प्युटरवर काही गाणी रेकॉर्ड करून झाली आहेत. आता वाटतंय की यावरच जगावं: कधी कुणाचा अल्बम करावा, कधी लघुपटाचं पार्श्वसंगीत, कधी स्वतःचं काही. हा लेख अशा वाचकासाठी आहे. पायऱ्या क्रमाने लिहिल्या असल्या तरी प्रत्यक्षात दोन-तीन एकदम चढाव्या लागतात.

सुरुवातीलाच माझं मत सांगतो, कारण पुढचं सगळं त्याला धरून आहे. या कामात कुणाला किती वाद्यं येतात याला फार कमी वजन असतं. समोरच्या गाण्याला किंवा प्रसंगाला काय हवंय हे ज्याला ऐकू येतं, त्याला पुन्हा बोलावतात. आणि जे हवं असतं ते आपल्या हाताशी असलेल्या साधनांच्या मानाने बहुतेक वेळा फारच थोडं असतं. पाच वाद्यं येणाऱ्याला चार वाद्यं खाली ठेवून बसणं जड जातं. ते जमायला वेळ लागतो, आणि तो वेळ मुद्दाम द्यावा लागतो.

पहिली पायरी: एका वाद्यावर हात पक्का करा

पाच वाद्यं येतात असं सांगणारे बरेच जण पाचही वाद्यं नवशिक्याच्या पुढच्या पायरीवर वाजवत असतात. मायक्रोफोनसमोर ते लगेच उघडं पडतं. स्वर लागलेला असतो, पण त्याचा शेवट सांभाळलेला नसतो. ठेका बरोबर असतो, पण चार मिनिटं सलग तसाच राहत नाही. म्हणून एक वाद्य असं हवं की ते वाजवताना बोटांचा विचार करावा लागू नये. रोजच्या रियाजातला अर्ध्याहून जास्त वेळ त्याच वाद्याला द्या. स्वर कुठे उचलायचा, किती धरायचा, कसा सोडायचा, हे एका वाद्यावर मुरलं की बाकीच्या वाद्यांवरही हाताला आठवतं.

आइसलंडची हिल्दुर ग्वुद्नादोत्तिर मूळची चेलोवादक. ‘जोकर’ या २०१९ च्या चित्रपटाचं संगीत तिने पटकथा वाचून, चित्रीकरण सुरू होण्याआधीच चेलो घेऊन शोधायला सुरुवात केली. पुढे त्याच संगीताला ऑस्कर मिळालं. तिच्या कामात इलेक्ट्रॉनिक आवाज आहेत, वाद्यवृंद आहे, पण सगळ्याच्या मुळाशी एका वाद्यावरचा तिचा हात ऐकू येतो. मुख्य वाद्य म्हणतो ते हे.

दुसरी पायरी: पुढचं वाद्य उणीव बघून निवडा

आवडलं म्हणून वाद्य घेतलं जातं, ते साहजिकच आहे. पण कामाच्या दृष्टीने स्वतःला चार प्रश्न विचारा. मला सलग लांबणारा स्वर वाजवता येतो का, म्हणजे गज किंवा फुंकेचं काही? छेडून वाजवायचं काही येतं का? तालवाद्य? आणि अनेक स्वर एकत्र दाबून हार्मनी बघता येईल असं काही? ज्याचं उत्तर ‘नाही’ येईल, ते पुढचं वाद्य. कीबोर्ड मात्र प्रत्येकाला थोडाफार यावाच लागतो. मैफलीत वाजवण्याइतका नाही आला तरी चालेल. पण सॅम्पल केलेली वाद्यं कॉम्प्युटरवर वाजवायची ती त्याच्याच पट्ट्यांवरून, आणि तिथे अडलात तर प्रत्येक काम दुप्पट वेळ खातं.

एक वाद्य येत असेल तर त्याच्या शेजारचं स्वस्तात शिकता येतं. व्हायोलिन आणि मँडोलिनच्या तारा एकाच स्वरांत लावतात: जी, डी, ए, ई. त्यामुळे डाव्या हाताची बोटं जवळपास तशीच पडतात. बेस गिटारच्या चार तारा म्हणजे गिटारच्या खालच्या स्वरांच्या चार तारा, एक सप्तक खाली. युकुलेलेची बोटं गिटारच्या वरच्या चार तारांसारखीच, पाचव्या पडद्यावर कॅपो (सगळ्या तारा एकदम दाबणारा चिमटा) लावल्यावर येतात तशी. पण बोटं बसली म्हणजे वाद्य आलं असं धरू नका. गिटारवादक बेस हातात घेतो तेव्हा तो फार स्वर वाजवतो. बेसवर बराचसा वेळ किक ड्रमकडे कान देऊन एकच स्वर नीट थांबवण्यात जातो.

नोटेशन यायला हवं का, हा प्रश्न नेहमी येतो. अर्जेंटिनाचे गुस्तावो सान्ताओलाया नोटेशन न वाचता काम करतात आणि त्यांना पार्श्वसंगीतासाठी लागोपाठ दोन ऑस्कर मिळाले आहेत. तरी माझा सल्ला आहे की वाचण्यापुरतं शिकून घ्या. एखाद्या दिवशी चार तंतुवादक समोर बसतील. त्यांच्या हातात नीट लिहिलेला कागद नसेल तर भाड्याने घेतलेल्या स्टुडिओचा तासभर तोंडी समजावण्यात जाईल. अल्टो सॅक्सोफोन किंवा क्लॅरिनेटसाठी लिहिताना पट्टी बदलून लिहावी लागते, हेसुद्धा त्याच कागदावर कळतं.

तिसरी पायरी: शैली बदलताना लय आधी पकडा

एका शैलीतून दुसरीत जाणारे लोक बहुधा आधी कॉर्ड आणि आवाज उचलतात. शैलीचा जीव बऱ्याचदा लयीत असतो. रेगेच्या ‘वन ड्रॉप’ ठेक्यात पहिली मात्रा मोकळी सोडतात आणि किक व स्नेअर तिसरीवर एकत्र पडतात. गिटार किंवा ऑर्गन मधल्या ऑफबीटवर. फंकमध्ये उलटं, सगळा भार पहिल्या मात्रेवर, आणि मधल्या जागा स्नेअरच्या जेमतेम ऐकू येणाऱ्या घोस्ट नोट्सनी भरलेल्या. जॅझचा स्विंग संथ लयीत जास्त झुलतो आणि लय चढत गेली की जोडीतले दोन स्वर जवळजवळ सारख्या अंतरावर येतात. हे समजून घेतलं नाही तर कॉर्ड बरोबर असूनही गाणं त्या शैलीचं वाटत नाही.

अभ्यासाचा मला सर्वांत उपयोगी वाटणारा प्रकार असा. नव्या शैलीतलं एक गाणं निवडा आणि त्याचा एक-दीड मिनिटांचा तुकडा सगळ्या भागांसकट स्वतः वाजवून रेकॉर्ड करा. ड्रम, बेस, साथ, मुख्य स्वर, सगळं. मूळ गाणं आणि तुमचं रेकॉर्डिंग सारख्या आवाजात आलटून पालटून ऐका. फरक कानाला बोचेल तिथे थांबा आणि स्वतःला विचारा: हा फरक स्वराचा आहे, वेळेचा आहे, की आघाताचा? बहुतेक वेळा उत्तर वेळेचं किंवा आघाताचं निघतं. हा तुकडा कुणाला दाखवायचा नाही, तो कानासाठी आहे. पुढचा तुकडा घेण्याआधी आधीच्यातला निदान एक फरक तरी भरून काढा.

काही परंपरा अशा आहेत की त्या घरी बसून उचलता येत नाहीत आणि उचलूही नयेत. रागसंगीतातली मींड, पश्चिम आफ्रिकेतलं ढोलवादन, फ्लामेंकोची टाळ्यांची साथ: यांच्यामागे आयुष्यभराची तालीम असते. तिथे त्या परंपरेतल्या कलाकाराकडे जायचं, त्याला बोलवायचं, मोबदला द्यायचा आणि श्रेयनामावलीत त्याचं नाव लिहायचं. स्वीडनचा लुडविग गोरान्सन हा गिटार वाजवणारा, हिप-हॉपचं प्रॉडक्शन करणारा आणि चित्रपटांना संगीत देणारा माणूस. ‘ब्लॅक पँथर’ या चित्रपटाचं काम आलं तेव्हा तो सेनेगलला गेला, गायक बाबा माल यांच्याबरोबर फिरला आणि तिथल्या वादकांचं टॉकिंग ड्रमसारखं वादन रेकॉर्ड करून आणलं. त्याला आफ्रिकी ढोलांची सॅम्पल लायब्ररी सहज मिळाली असती. तो गेला म्हणून त्या संगीताला वजन आलं असं मी मानतो.

चौथी पायरी: एकट्याने सगळं वाजवून रेकॉर्ड करणं

उपकरणांवर मी फार लिहिणार नाही, कारण नवशिक्याचे पैसे तिथेच अडकतात. एक ऑडिओ इंटरफेस, एक बऱ्यापैकी कंडेन्सर मायक्रोफोन, एक दणकट डायनॅमिक मायक्रोफोन आणि बंद कपांचे हेडफोन इतक्यावर पुष्कळ काम होतं. कंडेन्सरला इंटरफेसमधून ४८ व्होल्टचा फँटम पॉवर लागतो, तो चालू करायला विसरू नका. महाग मायक्रोफोनपेक्षा खोली जास्त फरक पाडते: जाड पडदे, गाद्या, कपड्यांनी किंवा पुस्तकांनी भरलेलं कपाट, आणि वाद्य खोलीच्या कोपऱ्यापासून लांब.

नमुना दर, म्हणजे सेकंदाला आवाजाचे किती नमुने घ्यायचे ते, पहिल्या दिवसापासून ४८ किलोहर्ट्झ आणि बिट डेप्थ २४ बिट ठेवा, कारण चित्रासाठीचं काम त्याच मापात मागितलं जातं. ४४.१ ला रेकॉर्ड केलेली फाइल रूपांतर न करता ४८ च्या प्रोजेक्टमध्ये वाजली तर ती वेगाने धावते आणि जवळजवळ दीड सेमीटोन वर चढते. आवाजाची पातळी उणे १२ डेसिबलच्या आसपास शिखर गाठेल अशी राखली तरी पुरे. २४ बिटला त्याहून वर ढकलायची गरज नाही.

आवाज हेडफोनमध्ये उशिरा येतोय असं वाटलं तर बफर बघा, म्हणजे कॉम्प्युटर एका वेळी आवाजाचे किती नमुने साठवून पुढे पाठवतो ते. ४८ किलोहर्ट्झला १२८ नमुन्यांचा बफर म्हणजे साधारण २.७ मिलिसेकंद, १०२४ म्हणजे २१ च्या वर, आणि हा उशीर आवाज आत जाताना आणि बाहेर येताना असा दोनदा लागतो. रेकॉर्ड करताना बफर लहान, मिक्स करताना मोठा.

आता खरी अडचण. सगळी वाद्यं एकाच माणसाने वाजवली की त्याच्या वेळेच्या सवयी एकावर एक चढतात. तुम्ही ऑफबीटवर किंचित घाई करत असाल तर ती ड्रममध्ये असते, बेसमध्ये असते, गिटारमध्येही असते, आणि सगळं मिळून गाणं सतत पुढे पळतं. वेगवेगळी माणसं वाजवतात तेव्हा हे आपोआप समतोल होतं. एकट्याने करताना तो समतोल मुद्दाम घडवावा लागतो. मी सुचवतो तो मार्ग: क्लिकवर, म्हणजे हेडफोनमधल्या मेट्रोनोमच्या ठोक्यावर, फक्त एक वाद्य वाजवा, जे त्या गाण्याचा कणा आहे ते. मग क्लिक बंद करा आणि पुढचं प्रत्येक वाद्य त्या कण्याला ऐकून वाजवा. दोन वाद्यांच्या रेकॉर्डिंगमध्ये एक रात्र जाऊ द्या. बेस वाजवताना मी बेसवादक आहे आणि ड्रमरला साथ देतोय, असं मनाशी धरा. तुमच्या आवडीचा एखादा बेसवादक डोळ्यांसमोर ठेवलात तरी हात वेगळा पडतो.

आवाजाच्या बाबतीतही हेच घडतं. एकच मायक्रोफोन, एकच खोली, एकच अंतर ठेवून दहा ट्रॅक केले की खोलीतला तोच घुमार दहा वेळा साठतो. अकूस्टिक गिटारचा पहिला ट्रॅक बाराव्या पडद्याजवळ एका वितीच्या अंतरावरून घेतलात, तर दुसरा मीटरभर लांबून घ्या किंवा कॅपो लावून वेगळ्या जागी वाजवा. दिशादर्शी मायक्रोफोन वाद्याच्या फार जवळ नेला की खर्ज फुगतो. कधी हे हवं असतं, पण प्रत्येक ट्रॅकवर नको.

माइक ओल्डफिल्डने १९७३ च्या ‘ट्युब्युलर बेल्स’ या अल्बममध्ये बहुतेक वाद्यं स्वतः वाजवली, तेही टेपवर, जिथे चुकलं तर पुन्हा वाजवणं हाच उपाय. आज दुरुस्ती माउसने होते. म्हणून एक नियम स्वतःला घालून घ्या: पुन्हा वाजवून सुधारेल ते आधी वाजवून सुधारा, मगच ओढाताण करा.

पाचवी पायरी: दुसऱ्यांचं प्रॉडक्शन

अनेक वाद्यं येणारा माणूस प्रोड्युसर झाला की त्याला प्रत्येक जागी स्वतः वाजवावंसं वाटतं. गायिकेबरोबर गिटारवादक आलेला असतो, तो साधारण वाजवतो, आणि आपल्याला ते दोन मिनिटांत नीट वाजवता येणार असतं. हात आवरा. त्या गिटारवादकाच्या साधेपणातच गाण्याची ओळख असू शकते. आधी त्याला सोपा भाग सुचवा, पट्टी बदलून बघा, बसायची जागा बदला. हे सगळं संपल्यावर, आणि त्याच्या संमतीने, तुमची गिटार.

स्टुडिओत जाण्याआधीची तयारी सगळ्यात स्वस्त पडते. फक्त आवाज आणि एक वाद्य घेऊन गाणं तीन पट्ट्यांत आणि तीन वेगांत फोनवर रेकॉर्ड करा. गायकाचा वरचा स्वर कुठे ताणतो, कुठे चमकतो, कुठे शब्द गिळले जातात, हे त्यातच कळतं. तिथे पक्कं केलेलं स्टुडिओत बदलायची वेळ क्वचित येते.

प्रत्यक्ष रेकॉर्डिंगच्या वेळी गायकाच्या हेडफोनमधलं मिक्स नीट करून द्या. सूर जात असेल तर आधी तिथेच बघा. स्वतःचा आवाज फार मोठा ऐकू येणारा गायक दबून गातो, फार लहान ऐकू येणारा ओरडतो. टेक संपला की काचेपलीकडे शांतता ठेवू नका. गाणाऱ्याला वाटतं काहीतरी बिघडलं. दोन शब्द लगेच बोला. आणि सूचना एका वेळी एकच द्या.

सहावी पायरी: चित्रासाठी संगीत

इथे सर्वांत जास्त शिकायचं असतं, आणि अनेक वाद्यं येणाऱ्याला सर्वांत जास्त मोहही इथेच होतो.

पहिली बैठक स्पॉटिंगची. दिग्दर्शक आणि संकलक यांच्याबरोबर पूर्ण चित्रपट बघून संगीत कुठे सुरू होणार, कुठे संपणार, हे ठरवायचं. वहीत तीन रकाने करा: सुरू होण्याचा टाइमकोड (चित्रावरची नेमकी वेळ), संपण्याचा टाइमकोड, आणि त्या जागी संगीताने काय करायचं याचं एक वाक्य. ‘दुःखी’ असं लिहू नका. ‘ती खोटं बोलतेय हे प्रेक्षकाला नायकाच्या आधी कळावं’ असं लिहा. हे वाक्य लिहिता आलं नाही तर तिथे बहुधा संगीताची गरज नाही, आणि हे दिग्दर्शकाला सांगायची तयारी ठेवा. एखादा प्रसंग संगीताविना सोडण्याचा सल्ला दिल्याने मिळणारा विश्वास चांगल्या चालीने मिळतोच असं नाही.

तात्पुरतं लावलेलं संगीत, म्हणजे टेम्प ट्रॅक, बहुतेक चित्रपटांत असतंच. दिग्दर्शकाने ते महिनोन्‌महिने ऐकलेलं असतं आणि त्याला त्याचा लळा लागलेला असतो. चिडू नका. विचारा की यात नेमकं काय काम करतंय: वेग, वाद्य, दाटपणा, की सुरू होण्याची जागा? उत्तर मिळालं की तेवढीच गोष्ट घ्या. चाल आणि कॉर्डची वळणं उचलू नका. तो कायद्याचाही प्रश्न होतो.

मग गणित. फ्रेम रेट, म्हणजे सेकंदाला किती फ्रेम, संकलकाकडून लेखी घ्या. २४ आणि २३.९७६ हे आकडे सारखेच वाटतात, पण त्यांच्यातल्या फरकाने तासाला ३.६ सेकंद घसरतात, आणि दहा मिनिटांतच चौदा फ्रेमचा फरक पडतो. एक बीट म्हणजे किती फ्रेम, हे काढायचं तर २४ फ्रेमच्या चित्रासाठी १४४० ला वेगाच्या आकड्याने, म्हणजे मिनिटाला किती बीट त्याने, भागा. १२० च्या वेगाला एक बीट म्हणजे बरोबर १२ फ्रेम.

एक उदाहरण करून बघू. क्यू, म्हणजे एका जागेसाठीचा संगीताचा सलग तुकडा, सुरू झाल्यापासून १८.५ सेकंदांनी दार उघडतं आणि तिथे संगीताने वळायला हवं. तुमची चाल ८४ च्या वेगात सुचली आहे. त्या वेगात २६ बीट व्हायला १८.५७ सेकंद लागतात, म्हणजे २७ वा बीट दारानंतर सुमारे पावणेदोन फ्रेमने पडेल. वेग ८४.३२ केला की बरोबर जमतं, आणि हा बदल कानाला कळतही नाही. पण चार-चारच्या बारमध्ये २६ बीट म्हणजे सहा बार आणि दोन बीट, म्हणजे दार सातव्या बारच्या तिसऱ्या बीटवर उघडतंय. समेवर हवं असेल तर मध्ये कुठेतरी दोन बीटचा एक बार घाला. नाहीतर २४ बीटसाठी ७७.८४ किंवा २८ बीटसाठी ९०.८१ वेग घ्यावा लागेल, आणि तेव्हा चाल वेगळीच वाटू लागते. मी जवळजवळ नेहमी दोन बीटचा बार निवडतो. आणि प्रत्येक हालचालीवर ठोका मारायची हौस धरू नका. एका क्यूमध्ये एखादीच जागा अचूक गाठा. तीसुद्धा फ्रेमभर उशिरा पडली तर चालते. आधी पडली तर प्रेक्षकाला घटना आधीच सांगितल्यासारखी होते.

संवादाखालचं संगीत हा वेगळा अभ्यास आहे. व्यंजनांचा स्पष्टपणा साधारण २ ते ४ किलोहर्ट्झच्या पट्ट्यात असतो. तिथे झळाळणारं सतारीसारखं किंवा स्टीलच्या तारांचं वाद्य सतत वाजत राहिलं तर शब्द पुसले जातात. बोलणाऱ्याच्याच सप्तकात एकल चेलो किंवा सॅक्सोफोन गाऊ लागला तर दोन पात्रं एकदम बोलल्यासारखं होतं. त्याच्या वर किंवा खाली राहा, लांब स्वर वापरा, आणि हालचाल वाक्यांच्या मधल्या विरामांत करा. दाट क्यू दिला की अंतिम मिक्सिंगमध्ये संगीताचा फेडर खाली ओढला जातो, आणि तुम्ही तीन दिवस घासलेलं सगळं कुठेतरी मागे कुजबुजत राहतं. विरळ लिहिलेलं संगीत त्या मिक्समध्ये टिकतं. सान्ताओलाया यांचं उदाहरण पुन्हा द्यावंसं वाटतं. लॅटिन अमेरिकन रॉक बँडचं प्रॉडक्शन करत आलेला हा माणूस चित्रपटात एखादी गिटार किंवा रोनरोको हे दक्षिण अमेरिकी तंतुवाद्य, थोडे स्वर आणि त्यांच्यामधली भरपूर मोकळी जागा, एवढ्यावर पूर्ण प्रसंग पेलतो.

चित्र ‘लॉक’ झालं असं सांगितल्यावरही ते बदलतं. हे गृहीत धरून लिहा. दोन किंवा चार बारच्या सुट्या घटकांतून क्यू बांधला तर सात सेकंद कापले गेले तरी सांधता येतो. अखंड चढत जाणारा एकच लांब स्वर मात्र नव्याने करावा लागतो. संकलकाकडे प्रत्येक वेळी बदलांची यादी मागा, नुसता नवा व्हिडिओ नको. फाइलच्या नावात रीळ, क्यू आणि आवृत्ती असू द्या: २एम३ म्हणजे दुसऱ्या रिळातला तिसरा क्यू, त्यापुढे आवृत्तीचा आकडा. ‘फायनल’ हा शब्द फाइलच्या नावात कधीही लिहू नका.

शेवटी द्यायचे असतात ते स्टेम: तालवाद्यं, खर्ज, तंतुवाद्यं, सिंथ, एकल वाद्य असे वेगवेगळे गट, प्रत्येक फाइल एकाच बिंदूपासून सुरू होणारी. सगळे स्टेम एकत्र वाजवले की तुमचं मिक्स हुबेहूब उभं राहायला हवं. त्यासाठी मुख्य आउटपुटवर कॉम्प्रेसर किंवा लिमिटर ठेवू नका, कारण तो सगळ्यांच्या एकत्रित आवाजावर चालतो आणि वेगळा केलेला स्टेम वेगळाच वागतो. आवाज फुगवून देऊ नका. कार्यक्रमाची अंतिम पातळी, उदाहरणार्थ युरोपीय प्रसारणातली उणे २३ लुफ्स (कानाला जाणवणाऱ्या आवाजाचं माप), ध्वनिमिश्रण करणारे ठरवतात.

गेमचं संगीत जवळचंच, पण तिथे वेळ खेळणाऱ्याच्या हातात असते. म्हणून एकाच वेगात, एकाच पट्टीत वाजणारे थर लिहायचे, जे धोका वाढला की एकेक करून आत येतात. किंवा कुठूनही कुठेही जोडता येतील असे तुकडे. एफमॉड आणि वाइज ही त्यासाठीची प्रचलित सॉफ्टवेअरं. थर रचून विचार करणाऱ्यांना हे काम लवकर जमतं.

सातवी पायरी: हक्क आणि करार

दोन गोष्टी वेगळ्या ओळखा: रचनेचा हक्क आणि त्या ध्वनिमुद्रणाचा हक्क. दोघांचे मालक वेगळे असू शकतात. कुणाच्या गाण्यातला तुकडा सॅम्पल म्हणून घेतलात तर दोन्ही परवानग्या लागतात. तीच चाल स्वतः वाजवून घेतलीत तर रचनेची तरी लागतेच.

बँडबरोबर किंवा गायकाबरोबर काम करताना कुणाचा किती टक्के वाटा, हे त्याच दिवशी, त्याच खोलीत एका कागदावर लिहून सगळ्यांच्या सह्या घ्या. गाणं चालल्यावर हा विषय काढणं फार कठीण होतं, आणि त्यात मैत्र्या तुटतात.

पार्श्वसंगीताचं मानधन दोन प्रकारे ठरतं. एकात तुमच्या कामाचे पैसे वेगळे आणि वादक, स्टुडिओ, मिक्सिंगचा खर्च निर्माता करतो. दुसऱ्यात सगळं मिळून एक ठोक रक्कम, ज्याला पॅकेज म्हणतात. नवोदितांना बहुतेक पॅकेजच मिळतं. तुम्ही सगळं स्वतः वाजवू शकता म्हणून त्यात तुमचं निभावतं, आणि म्हणूनच सगळी रक्कम स्वतःकडे ठेवण्याचा मोह होतो. त्यातून निदान एका बाहेरच्या वादकाचे पैसे बाजूला काढा. सॅम्पलच्या तंतुवाद्यांवर एकच खरं व्हायोलिन चढवलं तरी सगळा थर श्वास घेऊ लागतो.

करारात दुरुस्त्यांच्या किती फेऱ्या, चित्र बदललं तर काय, पैसे कोणत्या टप्प्यांवर, श्रेयनामावलीत नाव कसं, आणि हक्क कुणाकडे राहणार, हे असायलाच हवं. काम संपल्यावर क्यू शीट भरा किंवा भरली गेली याची खात्री करा: प्रत्येक क्यूचं नाव, लांबी, संगीतकार, प्रकाशक, त्यांचे वाटे. प्रसारणाची रॉयल्टी याच कागदावरून वाटली जाते. तो कागद कुणी भरला नाही तर पैसे तुमच्यापर्यंत पोहोचायला रस्ताच उरत नाही.

आठवी पायरी: काम मिळवणं

शोरील, म्हणजे कामाचे नमुने दाखवणारा व्हिडिओ, लहान ठेवा, तीन-चार मिनिटांचा. दहा शैली दाखवायच्या भानगडीत पडू नका. बघणाऱ्याला तुमच्याकडून काय मागायचं तेच कळत नाही. तीन तुकडे निवडा, एकमेकांपासून दूरचे, पण हात एकाच माणसाचा आहे हे जाणवणारे. सर्वांत चांगला पहिला. प्रसिद्ध चित्रपटाच्या दृश्याला नवं संगीत लावून दाखवण्यापेक्षा एखाद्या विद्यार्थी दिग्दर्शकाच्या लघुपटाचं काम दाखवा. संगीत किती चांगलं हे त्यातून कळतंच, शिवाय तुम्ही दुसऱ्याबरोबर काम करू शकता हेही कळतं.

मोठ्या नावांच्या मागे धावण्यापेक्षा तुमच्याच टप्प्यावर असलेल्या दिग्दर्शकांशी आणि संकलकांशी दोस्ती करा. गोरान्सन आणि दिग्दर्शक रायन कूगलर यांची ओळख शिकतानाची. विद्यार्थी म्हणून एकत्र केलेलं काम पुढे ‘ब्लॅक पँथर’पर्यंत गेलं. संकलक विशेष महत्त्वाचे, कारण टेम्प ट्रॅक तेच लावतात. तुमचं संगीत त्यांच्या हार्ड डिस्कवर असेल तर ते टेम्प म्हणून लागतं, आणि मग दिग्दर्शक विचारतो की हे कुणाचं.

प्रत्येक शैलीसाठी वेगळं नाव घेण्याचा सल्ला काही जण देतात. मला तो पटत नाही. सगळं एकाच नावाखाली ठेवा. लोकांना सुरुवातीला गोंधळल्यासारखं होईल, पण पाच-सात वर्षांनी तोच विस्तार तुमची ओळख बनलेला असेल.

नववी पायरी: कान आणि फाइली

८५ डेसिबलला सुरक्षित वेळ दिवसाला आठ तास मानतात, आणि दर ३ डेसिबलला ती निम्मी होते: ८८ ला चार तास, ९१ ला दोन. ड्रमजवळ बसताना प्लग घाला. मिक्सिंग हळू आवाजात करा. तसंही हळू आवाजात नीट ऐकू येणारं मिक्स मोठ्या आवाजात क्वचितच फसतं. कानात सतत शिट्टी वाजायला लागली तर त्या आठवड्यातच डॉक्टरला दाखवा.

प्रत्येक काम संपलं की सगळे ट्रॅक शून्यापासून सुरू होणाऱ्या साध्या वेव्ह फाइलींमध्ये काढून ठेवा, सोबत वेगाचा नकाशा मिडी फाइलमध्ये आणि पट्टी, फ्रेम रेट, वापरलेली वाद्यं लिहिलेली एक मजकुराची फाइल. प्लगिन बंद पडतात, सॉफ्टवेअरच्या आवृत्त्या बदलतात, आणि काही वर्षांनी जुना प्रोजेक्ट उघडतच नाही. प्रती तीन ठेवा, त्यातली एक दुसऱ्या इमारतीत. दिग्दर्शकाचा फोन येतो, मालिकेचा पुढचा सीझन होणार असतो आणि त्याला त्या जुन्या क्यूमधली नुसती बासरी हवी असते, उद्या सकाळपर्यंत.